दर वेळी ‘नवा ॲलील’ निघतोय? गायीचं डीआरबी३ आणि आयपीडी-एमएचसीचा घोळ कसा सोडवायचा

लक्षण नेहमीचं आहे. गायींच्या रक्तातून डीएनए काढला, डीआरबी३ या रोगप्रतिकारशक्तीच्या (एमएचसी) जनुकाचा दुसरा एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत असलेला तुकडा, पीसीआरने वाढवला, सीक्वेन्सिंग करून आणलं. आयपीडी-एमएचसी या डेटाबेसवरून गायीच्या ॲलीलांची, म्हणजे जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांची, फास्टा फाइल (सीक्वेन्सची साधी मजकूर फाइल) उतरवली आणि ब्लास्ट हा सीक्वेन्स जुळवणारा प्रोग्रॅम चालवला. निकालात शंभर टक्के जुळणारी जनावरं मोजकीच. बाकीच्यांपुढे ९९.६३, ९९.२६ असे आकडे, म्हणजे २७० बेसांत एक फरक, दोन फरक. मग तक्त्यात एकामागून एक ‘नवा ॲलील’ अशा नोंदी पडत जातात. पुढच्या तुकडीचे नमुने आले की पुन्हा तेच, फक्त मागचे ‘नवे’ आता दिसत नाहीत आणि त्यांच्या जागी वेगळेच ‘नवे’ आलेले असतात.

ही शेवटची खूण निदानाला फार उपयोगी पडते. खरा ॲलील कळपात पुन्हा पुन्हा भेटतो, कारण तो वळूकडून वासरांकडे उतरतो. एकाच जनावरात एकदाच दिसून गायब होणारा ॲलील बहुतेक वेळा जनावराचा नसतो, तो आपल्या कामाच्या पद्धतीतून आलेला असतो.

पशुवैद्यकच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. नवेपणा आधी सीक्वेन्सच्या टोकांत, नावांत आणि क्रोमॅटोग्राममध्ये (सीक्वेन्सिंग यंत्राच्या शिखरांच्या आलेखात) शोधा, जनावरात सगळ्यात शेवटी. याचा अर्थ नवे ॲलील नसतातच असा नाही. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जातींत ते सापडण्याची शक्यता चांगलीच आहे, कारण या डेटाबेसची मूळ भरती मुख्यतः युरोपीय वंशाच्या गायींवर झाली आहे. गायीचा प्रमाण मानला जाणारा जीनोमसुद्धा डॉमिनेट नावाच्या हेरफोर्ड गायीचा आहे. म्हणूनच खोटे ‘नवे’ जास्त नुकसान करतात. देशी गोवंशातल्या खऱ्या विविधतेवर त्यांच्यामुळे संशय येतो आणि खरी नोंदही दुर्लक्षित राहते.

डेटाबेसबद्दल थोडक्यात

आयपीडी म्हणजे इम्यूनो पॉलिमॉर्फिझम डेटाबेस. तो २००३ पासून इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमधून चालतो. एचएलएचं, म्हणजे माणसाच्या एमएचसीचं, काम लंडनच्या अँथनी नोलन संस्थेचा गट पाहतो. प्राण्यांच्या भागाला आयपीडी-एमएचसी म्हणतात, त्याची नवी रचना २०१७मध्ये आली, आणि गायीच्या बाजूला इंग्लंडमधल्या पर्ब्राइट या प्राणीरोगांच्या संशोधन संस्थेचा मोठा हात आहे. माकडं, कुत्रा, डुक्कर, मेंढी, घोडा, उंदीर-घूस, कोंबडी, सामन मासा असे बरेच प्राणी त्यात आहेत.

नावाच्या सुरुवातीचा तुकडा प्राणी सांगतो. १९९०मध्ये यान क्लाइन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत अशी की शास्त्रीय नावातल्या दोन्ही शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं घ्यायची: मकाका मुलाटा म्हणजे ‘मामू’, बुबालस बुबालिस म्हणजे ‘बुबू’. गाय, डुक्कर, कुत्रा यांची जुनी नावं मात्र इतकी रुळली होती की ती तशीच राहिली, म्हणून गायीसाठी ‘बोला’, डुकरासाठी ‘एसएलए’, कुत्र्यासाठी ‘डीएलए’. तुमच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यांसाठी चार अक्षरांचा नियम घातला असेल तर डुक्कर आणि कुत्रा गाळलेच जाणार.

पहिली तपासणी: ब्लास्टची पहिली ओळ

घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं. ब्लास्ट सर्वांत वर ठेवतो तो सर्वांत जास्त गुणांचा संदर्भ. सर्वांत जास्त टक्के जुळणारा संदर्भच वर असेल असं नाही. आयपीडी-एमएचसीतले सगळे संदर्भ एका लांबीचे नाहीत. काही ॲलीलांचा पूर्ण कोडिंग भाग माहीत आहे, साधारण ८०० बेस. पुष्कळांचा फक्त दुसरा एक्सॉन माहीत आहे, आणि त्यातही काहींची टोकं कापलेली आहेत, कारण ज्यांनी ते नोंदवले त्यांच्या प्रायमरांच्या (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या) आतला तेवढाच भाग त्यांना खात्रीने वाचता आला.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. तुमचा सीक्वेन्स २७० बेसांचा आहे. कमांड लाइनवर ब्लास्टएन नुसताच चालवला तर तो मेगाब्लास्टच्या पद्धतीने गुण देतो: जुळला बेस तर अधिक एक, नाही जुळला तर उणे दोन. पहिला संदर्भ पूर्ण लांबीचा आहे आणि तुमच्यापेक्षा एका बेसाने वेगळा. त्याला २६९ उणे २, म्हणजे २६७ गुण. दुसरा संदर्भ तंतोतंत तुमचाच आहे, पण डेटाबेसात त्याचे २५० बेसच नोंदलेले आहेत. त्याला २५० गुण. वर दिसतो पहिला, ९९.६३ टक्क्यांसह. पहिलीच ओळ उचलण्याची सवय असेल तर ओळखीचा ॲलील इथे ‘नवा’ म्हणून जाहीर होतो, आणि खरा जुळणारा खाली पडून राहतो.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त फसवं असतं. ब्लास्ट स्थानिक जुळणी करतो, टोकापर्यंत जायचं बंधन त्याच्यावर नाही. तुमचा खरा फरक अगदी शेवटच्या तीन बेसांत असेल, तर तो फरक ओलांडून पुढे जाण्यात गुणांचा फायदा नसतो (उणे दोन आणि फार तर अधिक दोन), म्हणून जुळणी तिथेच थांबते. निकालात शंभर टक्के लिहून येतं आणि लांबी २६७. टक्क्यांचा रकाना पाहून जो खूश होतो त्याच्या हातून खरा नवा ॲलील निसटतो.

यावर उपाय एकच: ॲलील ठरवण्यासाठी ब्लास्ट वापरू नका. जवळपासचे संदर्भ हुडकायला तो उत्तम, निवाडा करायला नाही. निवाड्यासाठी एक खिडकी ठरवा, म्हणजे तुमचे प्रायमर कापल्यावर उरलेला, सगळ्या नमुन्यांत खात्रीने वाचलेला भाग. सगळे संदर्भ त्याच खिडकीत कापा आणि अक्षरशः बरोबर-तंतोतंत तुलना करा. जे संदर्भ खिडकीभर पोहोचत नाहीत ते वेगळ्या यादीत ठेवा. त्यांच्याशी जुळलं तर ‘उपलब्ध भागात जुळतो’ असं लिहा. खिडकीच्या आत दोन ॲलील एकसारखे असतील तर दोन्ही नावं लिहा, त्यातलं एक निवडू नका. माणसांच्या एचएलएत याच कारणासाठी ‘जी गट’ करतात: प्रतिजन धरून ठेवणाऱ्या भागाचे एक्सॉन ज्यांचे सारखे, ते सगळे एका गटात. गायीसाठी असा गट तुम्हाला स्वतःच्या खिडकीपुरता स्वतःच बांधावा लागतो, पण काम अवघड नाही.

प्रायमर कापणं हे इथे ऐच्छिक नाही. दुसऱ्या एक्सॉनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रायमरांचा काही भाग एक्सॉनच्या आतच बसतो. तेवढे बेस तुमच्या बाटलीतून आलेले असतात, गायीकडून नव्हे. ते तसेच ठेवले तर तिथला खरा फरक पुसला जातो किंवा नसलेला फरक दिसतो, आणि तो सगळ्या नमुन्यांत एकाच जागी दिसतो. सगळ्याच जनावरांत टोकाजवळ एकच फरक येत असेल तर आधी प्रायमरचा क्रम काढून शेजारी ठेवा.

नाव सापडत नाही, किंवा भलतंच सापडतं

आयपीडीच्या फास्टा फाइलीत मथळ्याच्या ओळीत आधी नोंद क्रमांक येतो, मग मोकळी जागा, मग ॲलीलचं नाव, मग लांबी. बहुतेक साधनं मथळा पहिल्या मोकळ्या जागेपाशी तोडतात. म्हणून निकालात नुसते क्रमांक दिसतात, आणि ‘माझ्या फाइलीत नावंच नाहीत’ अशी तक्रार येते. नावं आहेत, फक्त तोडली गेली आहेत. क्रमांक आणि नाव यांचा दोन रकान्यांचा तक्ता मथळ्यांवरूनच आधी बनवून ठेवा. क्रमांक हीच किल्ली धरा. नाव काळाच्या ओघात बदलतं, क्रमांक टिकतो.

नावातला तारा हाही त्रास देतो. टर्मिनलवर ग्रेप ही शोधाची आज्ञा वापरून ‘डीआरबी३*००९’ शोधलं तर काहीच हाती लागत नाही, फाइलीत ते असलं तरी. तिथे ताऱ्याचा अर्थ ‘आधीचं अक्षर कितीही वेळा’ असा घेतला जातो, म्हणजे शोध ‘डीआरबी’नंतर कितीही तीन आणि लगेच ००९ असा चालतो, आणि मधला खरा तारा आडवा येतो. शोधाचा मजकूर जसाच्या तसा घ्यायला सांगणारा मोठा एफ हा पर्याय ग्रेपला द्या, प्रश्न मिटतो. एक्सेलमध्ये वेगळी भानगड: नाव ताऱ्यापाशी तोडून नुसतं ०९०२ एका खान्यात टाकलं की पुढचं शून्य उडतं आणि ९०२ उरतं. ०१५:०१ टाकलं तर ते घड्याळातली वेळ समजलं जातं. खाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, आणि विंडोजवर फाइलीच्या नावात तारा किंवा विसर्गचिन्ह घालू नका.

याहून खोल गाळ जुन्या नावांचा आहे. गायीच्या डीआरबी३वरचे शोधनिबंध वाचताना तीन पिढ्यांची नावं भेटतात. १९९२पासूनची पीसीआर-आरएफएलपी पद्धत: दुसऱ्या एक्सॉनचा २८४ बेसांचा तुकडा वाढवायचा, रसा-१, बीएसटीवाय-१ आणि हे-३ या तीन एन्झाइमांनी कापायचा आणि पट्ट्यांच्या ठशावरून प्रकार ठरवायचा. त्यांची नावं डीआरबी३.२*११, डीआरबी३.२*१६ अशी. मग सीक्वेन्सवरून दिलेली चार आकडी नावं, डीआरबी३*०९०२ सारखी. आणि आता विसर्गचिन्हासह तीन-दोन आकड्यांची, डीआरबी३*००९:०२.

०९०२ आणि ००९:०२ एकच, हे सहज कळतं. पण डीआरबी३.२*११ म्हणजे ०११:०१ नव्हे! आरएफएलपीचा प्रकार ११ हा ००९ च्या गटात जातो, आणि प्रकार १६ हा ०१५ च्या गटात. हा फरक किरकोळ नाही. बोवाइन ल्युकेमिया विषाणूच्या अभ्यासांत ००९:०२ असलेल्या गायींत रक्तातला विषाणूचा भार कमी आढळला आहे आणि ०१५:०१ शी भार जास्त असण्याचा संबंध दिसला आहे. अर्जेंटिनातल्या होल्स्टीन गायींवरचं आणि जपानमधलं काम यात महत्त्वाचं. आता कुणी जुन्या निबंधातला ‘११’ उचलून नव्या ०११ च्या रकान्यात टाकला, तर प्रतिकार दाखवणारी जनावरं भलत्याच नावाखाली मोजली जातात आणि निष्कर्ष पार बिघडतो. शिवाय आरएफएलपीचा एक ठसा म्हणजे एक ॲलील असंही नाही. एन्झाइम कापतात त्या जागा सोडून बाकीचे फरक त्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे एका ठशाखाली अनेक ॲलील दडलेले असू शकतात. जुना आरएफएलपीचा निकाल नव्या नावात ‘रूपांतरित’ करताना शक्य ते सगळे ॲलील लिहा, एकच लिहून मोकळं होऊ नका. आयपीडी-एमएचसीवर प्रत्येक ॲलीलच्या पानावर आधीची नावं दिलेली असतात, तीच बघा. कुठल्या तरी निबंधाच्या परिशिष्टातला तक्ता उतरवू नका.

दोन शिखरांचा प्रश्न

आता सगळ्यात मोठं कारण. इथे घाई करू नका.

डीआरबी३ हे गायीच्या जनुकांतलं अतिशय बहुरूपी जनुक आहे. डेटाबेसात त्याचे शेकडो ॲलील आहेत. याचा सरळ परिणाम असा की बहुतेक जनावरांत आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला ॲलील वेगवेगळे असतात. पीसीआरचा पदार्थ थेट सँगर पद्धतीने वाचला तर दोन्ही ॲलील एकाच वेळी वाचले जातात. जिथे ते वेगळे, तिथे क्रोमॅटोग्राममध्ये एकावर एक दोन शिखरं. वाचणारं सॉफ्टवेअर तिथे उंच शिखराचं अक्षर लिहून पुढे जातं. एका जागी आईचं अक्षर उंच, दुसऱ्या जागी बापाचं. शेवटी हाती येणारी ओळ ना आईची, ना बापाची. ती ब्लास्टला दिली की जवळचा संदर्भ ९८-९९ टक्के जुळतो आणि ‘नवा ॲलील’ तयार होतो. दर तुकडीत वेगळे ‘नवे’ येण्याचं मूळ बहुतेक वेळा हेच.

ओळखायचं कसं? नुसती फास्टा फाइल पाहून ओळखता येत नाही, मूळ ट्रेस फाइल, म्हणजे क्रोमॅटोग्रामची फाइल, उघडावी लागते. सीक्वेन्सिंग करणाऱ्यांकडून फक्त अक्षरांची फाइल घेऊन समाधान मानू नका, ट्रेस फाइल मागून घ्या. संशयित जागेवर जाऊन पाहा: मुख्य शिखराखाली दुसऱ्या रंगाचं स्पष्ट शिखर आहे का? उलट दिशेच्या वाचनातही त्याच जागी आहे का? असेल तर तिथे एक अक्षर लिहू नका, दोन्हींचं मिळून असलेलं चिन्ह लिहा: ए किंवा जी असेल तर आर, सी किंवा टी असेल तर वाय, आणि त्याच पद्धतीने पुढे. मग ही मिश्र ओळ डेटाबेसातल्या ओळखीच्या ॲलीलांच्या जोड्यांशी ताडा: कोणते दोन ॲलील एकावर एक ठेवले तर नेमकी हीच चिन्हं येतात? बहुतेक ‘नवे’ ॲलील या पायरीवर दोन जुन्या ॲलीलांत विरघळतात. एकापेक्षा जास्त जोड्या बसत असतील तर त्या सगळ्या नोंदवा आणि क्लोनिंग किंवा ॲम्प्लिकॉन सीक्वेन्सिंगने सोडवा.

एक खास सापळा आहे. काही खऱ्या डीआरबी३ ॲलीलांत ६५ व्या स्थानचा कोडॉनच नसतो, एक्सॉन तीन बेसांनी आखूड. अशा ॲलीलबरोबर पूर्ण लांबीचा ॲलील असलेलं जनावर थेट वाचलं, तर त्या जागेपर्यंत ट्रेस स्वच्छ दिसतो आणि तिथून पुढे सगळीकडे दोन-दोन शिखरांची खिचडी होते, कारण एक ओळ तीन घरं सरकलेली असते. पुष्कळ जण हा नमुना ‘खराब’ म्हणून टाकून देतात. टाकू नका. उलट दिशेने वाचा: आता दुसऱ्या टोकापासून त्या जागेपर्यंत स्वच्छ मिळेल. दोन्ही वाचनांत गोंधळाची सुरुवात एकाच जागेपाशी होत असेल तर तो नमुना खराब नाही. असे नमुने वगळत गेलात तर तुमच्या कळपातून एका ठरावीक प्रकारचे ॲलीलच गायब होतात आणि वारंवारतेचे आकडे वाकडे येतात.

लांबीतला तीन बेसांचा फरक खरा असू शकतो, एका किंवा दोन बेसांचा जवळजवळ कधीच नसतो. वाचनचौकट तपासा. पण चौकट पहिल्या बेसापासून धरू नका. दुसऱ्या एक्सॉनचे पहिले दोन बेस हे आधीच्या एक्सॉनवरून आलेल्या कोडॉनचा उरलेला भाग आहेत, चौकट तिसऱ्या बेसापासून सुरू होते. पहिल्यापासून भाषांतर केलं की मध्येच थांबा-कोडॉन दिसू लागतात आणि ‘हे तर स्यूडोजीन (निकामी जनुक)’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बरोबर चौकटीतही थांबा-कोडॉन आला तर मात्र शेजारच्या जनुकाची शंका घ्या. गायीत डीआरबी१ हे निकामी झालेलं जनुक आहे आणि ते तुमच्या प्रायमरांना चिकटू शकतं.

इल्युमिनासारख्या यंत्रावर ॲम्प्लिकॉन वाचत असाल तर दोन शिखरांचा प्रश्न सुटतो, पण कायमेरा हा नवा उभा राहतो. पीसीआरच्या एका फेरीत अर्धवट राहिलेला धागा पुढच्या फेरीत दुसऱ्या ॲलीलवर जाऊन चिकटतो आणि डावीकडे आई, उजवीकडे बाप असा जोडधागा बनतो. ‘नव्या’ ॲलीलची डावी बाजू त्याच जनावरातल्या एका ॲलीलशी आणि उजवी दुसऱ्याशी तंतोतंत जुळत असेल, आणि त्याचे वाचनधागे दोन्ही ‘पालकांपेक्षा’ खूप कमी असतील, तर तो कायमेराच समजा. डीआरबी३ प्रत्येक गुणसूत्रावर एकदाच असतं, म्हणून एका गायीत दोनपेक्षा जास्त ॲलील निघाले तर तिसऱ्याचा जाब विचारलाच पाहिजे. एमएचसीच्या क्लास एकच्या जनुकांना (डीआरबी३ क्लास दोनचं) मात्र हा नियम लावू नका. गायीत क्लास एकची सहा अभिजात जनुकं ओळखली आहेत, पण एका हॅप्लोटाइपवर (एका गुणसूत्रावर एकत्र उतरणाऱ्या संचात) त्यातली एक ते तीनच व्यक्त होतात, आणि कोणती ते हॅप्लोटाइपनुसार बदलतं. तिथे एका जनावरात पाच-सहा ॲलील मिळणं ही चूक नसते.

अलाइनमेंटमधून उचललेले सीक्वेन्स

हा भाग छोटा आहे, पण यात अडकलेल्यांचे पुरे आठवडे जातात. आयपीडीच्या अलाइनमेंटमध्ये आडवी रेघ म्हणजे ‘इथे संदर्भासारखंच अक्षर आहे’. रिकामी जागा म्हणजे टिंब, आणि माहीत नसलेल्या जागी तारा. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आडवी रेघ म्हणजे रिकामी जागा. अलाइनमेंटमधली ओळ उचलून तशीच फास्टा म्हणून वापरली तर सॉफ्टवेअर सगळ्या रेघा काढून टाकतं, म्हणजे संदर्भाशी सारखे असलेले सगळे बेस उडतात आणि फक्त फरकांची अक्षरं शेजारी-शेजारी येऊन बसतात. सीक्वेन्स फास्टा फाइलीतूनच घ्या.

प्रतिपिंडांच्या किंवा टी-पेशी ग्राहकांच्या जनुकांवर काम करणाऱ्यांना आयएमजीटी या त्या जनुकांच्या डेटाबेसच्या फाइलींत याच अडचणीची बहीण भेटते. मारी-पोल लफ्रांक यांनी १९८९मध्ये मोंपलिएत सुरू केलेल्या या व्यवस्थेत व्ही प्रदेशांना एकच क्रमांकन असतं, पहिलं सिस्टीन २३ वर, दुसरं १०४ वर. ते जुळावं म्हणून सीक्वेन्समध्ये टिंबं घातलेली असतात. ब्लास्टसाठी टिंबं काढायची. क्रमांकन हवं असेल तर मूळ प्रत जशीच्या तशी जपायची. मथळा उभ्या रेघांनी पंधरा रकान्यांत विभागलेला असतो. त्यातलं नुसतं नाव ठेवून बाकी उडवलं की वेगवेगळ्या प्रजातींची किंवा उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांची सारखी नावं एकमेकांवर आदळतात आणि डेटाबेस बनवताना ‘नाव दुबार आहे’ अशी त्रुटी येते. एका वेळी एकच प्रजाती घ्या. सशासारख्या प्राण्यांत आयजीएचव्ही१एस४० अशी ‘एस’वाली नावं दिसतात. जनुक गुणसूत्रावर नेमकं कुठे बसतं ते कळलेलं नसताना ती दिलेली असतात, त्यामुळे जागा कळल्यावर नाव बदलू शकतं, आणि जुन्या-नव्या फाइली मिसळल्या की एकच जनुक दोनदा मोजलं जातं.

म्हशीचा सीक्वेन्स गायीशी जुळतोय

पंढरपुरी, नागपुरी, मुऱ्हा म्हशींवर काम करणारे विचारतात: आमच्या नमुन्याचा सर्वांत जवळचा ॲलील गायीचा निघतो, मग नमुन्यात गायीचं रक्त मिसळलं का? बहुधा नाही. एमएचसीचे ॲलील वंश प्रजातींपेक्षा जुने असतात. गाय आणि म्हैस वेगळ्या होण्याआधीपासूनचे काही वंश दोघींतही उतरले आहेत, त्यामुळे म्हशीचा एखादा ॲलील दुसऱ्या म्हशीपेक्षा गायीच्या ॲलीलशी जास्त जवळचा असणं अगदी स्वाभाविक आहे. नमुना गायीचा की म्हशीचा हा प्रश्न डीआरबीवर कधीच सोडवू नका, मायटोकॉन्ड्रियाचं जनुक वाचा. आणि म्हशीच्या ॲलीलला ‘बोला’ नाव चिकटवू नका, तो ‘बुबू’च. गुणसूत्राची जागा शोधत असाल तर गायीत एमएचसी २३ व्या गुणसूत्रावर आहे. नदीकाठच्या म्हशीत तेच गायीच्या दुसऱ्या गुणसूत्राशी जोडलं जाऊन म्हशीचं दुसरं बनलं आहे, म्हणून म्हशीच्या २३ व्यावर शोधून काही सापडणार नाही.

आवृत्ती

डेटाबेस वाढत असतो. मागच्या वर्षी ‘नवा’ ठरलेला सीक्वेन्स दरम्यान दुसऱ्या कुणी नोंदवला असेल तर या वर्षी त्याला नाव असतं. म्हणून प्रत्येक निकालासोबत आयपीडी-एमएचसीची आवृत्ती, उतरवल्याची तारीख आणि तुमची खिडकी लिहून ठेवा. उतरवलेली मूळ फाइल फेकू नका, तिचा एमडी५ही (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) जपा. नवी फास्टा आणली पण ब्लास्टचा डेटाबेस पुन्हा बांधायचा राहिला, हेही फार वेळा घडतं: नाव नव्या फाइलीचं, आतली अनुक्रमणिका जुनी. ब्लास्टडीबीसीएमडीला माहिती विचारली की डेटाबेस कधी बांधला आणि त्यात किती सीक्वेन्स आहेत ते तो सांगतो. तो आकडा फास्टामधल्या मथळ्यांच्या संख्येशी जुळला पाहिजे.

एवढं करून जो उरला

आता जो उरतो त्याच्यावर मात्र मनापासून मेहनत घ्या, विशेषतः तो देशी जनावराचा असेल तर. त्याच जनावराच्या डीएनएवर पीसीआर पुन्हा स्वतंत्रपणे करा, आधीच्या पदार्थावरच पुन्हा वाचन करून भागत नाही. तोच ॲलील दुसऱ्या जनावरात मिळाला तर फार बळकटी येते. आई, वळू आणि वासरू तिघांचे नमुने मिळवता आले तर त्याहून उत्तम: वासरात दिसलेला ॲलील आई-बापांपैकी एकात असायलाच हवा. पशुपालकाकडून नमुना घेताना वासराच्या आईचा नमुना त्याच फेरीत घेऊन ठेवला तर ही तपासणी पुढे सोपी होते, कृत्रिम रेतनाचं असेल तर वळूचा क्रमांक रेतनाच्या नोंदीतून घेता येतो. शक्य असेल तिथे फक्त दुसऱ्या एक्सॉनवर थांबू नका, आरएनएपासून पूर्ण कोडिंग भाग वाचा. डेटाबेसातले आखूड संदर्भ हेच पुढच्या लोकांच्या अडचणीचं मूळ आहे, आपण त्यात भर घालू नये.

नाव स्वतः देऊ नका. ‘डीआरबी३*खिल्लार१’ सारखी नावं निबंधात छापली गेली की ती कधीच पुसली जात नाहीत. आधी सीक्वेन्स जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे यांपैकी एका ठिकाणी जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक घ्या. सरकारी निधीतून काम झालं असेल तर फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये माहिती जमा करण्याच्या अटीही पाहून घ्या, ते केंद्र २०२२पासून सुरू आहे. मग तो क्रमांक घेऊन आयपीडी-एमएचसीकडे नावासाठी अर्ज करा. नमुन्याच्या माहितीत जात, गाव-तालुका, कोणते प्रायमर, किती स्वतंत्र पीसीआर, हे सगळं भरा. ‘देशी गाय’ एवढंच लिहिलेल्या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही.

अधिकृत नाव हाती आल्यावर तुमच्या तक्त्यातला तात्पुरता क्रमांक खोडू नका. शेजारी नवा रकाना करून अधिकृत नाव आणि ते कोणत्या आवृत्तीत आलं ते लिहा. प्रयोगशाळेतल्या नळ्यांवर, ट्रेस फाइलींवर आणि वहीत तोच जुना क्रमांक आहे.